आत्याची फायनल अजून बाकी आहे

माझ्या आत्यावर अन्याय झाला. साठचं दशक संपत आलं होतं. संक्रांतीनंतरचा पहिला रविवार, दुपारी साडेतीनची वेळ, नागपुरातल्या एका टेनिस क्लबचा मागचा व्हरांडा. महिलांची फायनल चारला सुरू व्हायची होती. ती आजतागायत झालेली नाही.

मी विणकर बायांची, विडी वळणाऱ्या बायांची पत्रकं लिहिते आणि बाजारात उभी राहून वाटते. घोळवून सांगायची मला सवय नाही. पण हे सांगताना घोळ होणार, कारण मी तेव्हा आठ वर्षांची होते आणि त्या व्हरांड्यात आबांचं, म्हणजे माझ्या आजोबांचं, धोतर धरून उभी होते. शिवाय त्या न झालेल्या सामन्याचा आवाज मला अजून येतो. कविता करत नाही. खरंच येतो. कुठून येतो ते पुढे सांगते.

नावं इथे नाहीत. क्लबचं नाही, आत्याचंही नाही. तशी तिची अट आहे, आणि तिचं कारणही पुढे येईल.

आमचं घर गांधीबागेच्या मागच्या अंगाला, मागांच्या गल्लीत. पुढच्या खोलीत खड्ड्यातला माग, मागच्या खोलीत आम्ही सगळे. बाजारातले व्यापारी आबांनी विणलेली लुगडी पांढऱ्या गादीवर उलगडून गिऱ्हाइकाला दाखवायचे, आणि आबा पाय खड्ड्यात सोडून धोटा फेकत बसायचे. त्या घरात एक नियम देवापेक्षा मोठा होता. कुणाचं काम रिकाम्या हातानं करून घ्यायचं नाही आणि आपलंही फुकट द्यायचं नाही. शेजाऱ्यानं ताण्याचं तुटलेलं सूत जोडून दिलं, तर त्याच्या हातावर निदान सुपारीचं खांड ठेवायचं. त्यानंही नको म्हणायचं नाही. नको म्हणणं म्हणजे माझ्या कामाला मोल नाही असं स्वतःच कबूल करणं. आबांच्या वडलांना मालगुजाराच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या, घरच्या लग्नांसाठी वेठीनं विणावं लागलं होतं. फुकट, आणि वर शिव्या. आबा म्हणायचे, "फुकट हात हालवते तो गुलाम."

क्लबशी आमचा संबंध जाळ्यामुळे आला. पावसाळ्यात कोर्टावरचं जाळं गुंडाळून कोठीत ठेवायचे आणि दरवर्षी उंदीर त्याचा फराळ करायचे. दसऱ्याआधी ते सांधायला आबांना बोलावणं यायचं. आबांची गाठ अशी, की बोट फिरवलं तरी हाताला लागायची नाही. ते कोर्टावर मांडी घालून जाळं सांधत बसायचे आणि सोबत आलेली त्यांची धाकटी लेक मागच्या भिंतीवर लव उडालेला टकला बॉल फळीनं मारत राहायची.

मेंबर पुरुष संध्याकाळी यायचे. दुपारचं कोर्ट त्यांच्या बायकांना. पदर खोचून त्या दोन-चार जणी खेळायच्या, पण बॉल जाळ्यापलीकडे जाईल तर शपथ. एक दिवस त्यांच्यातली एक वकीलीणबाई भिंतीकडे बघत राहिली आणि म्हणाली, "ए मुली, इकडे ये. पलीकडून टाक जरा." आपली जुनी रॅकेट तिनं आत्याच्या हातात दिली. तिथून सुरुवात झाली.

गल्लीनं काय म्हणावं? जे गल्ली म्हणते ते.

"पोट्टी बॉल मारून राहिली बाप्पा. लग्नानंतर नवऱ्याले मारन."

"काहून वं, तिकडं बॉल मारायची मजुरी भेटते का तुले?"

आत्या नळाखाली घागर लावता लावता म्हणायची, "हवा भेटते ना काकू. तुमच्या घरी तेही नाही." बाया हसायच्या. आत्याही हसायची. तेव्हा ती हसायची.

सावनेरचं एक स्थळ याच कारणावरून मोडलं. मुलीकडचे बरे आहेत, पण मुलगी क्लबात जाते म्हणे. आजी रडली. आबा मागावरून उठलेही नाहीत. म्हणाले, "बरं झालं. ज्याले बॉलचं भेव वाटते तो बायकोले काय सांभाळन?" आणि त्याच आठवड्यात त्यांनी तिच्यासाठी पांढरं कापड विणायला घेतलं. त्याचा स्कर्ट शिवला. आजीनं गुडघ्याखाली चार बोटं लांबी ठेवायला लावली आणि मगच घराबाहेर जाऊ दिलं.

दुपारच्या त्या बायकांना आत्या खेळता खेळता शिकवायला लागली. कुणी नेमलं नाही, कुणी पगार ठरवला नाही. कुणाचं मनगट ढिलं, कुणाचे पाय जागचे हलत नाहीत, ती हात धरून दाखवायची. मग त्या आपल्या मुलींनाही आणायला लागल्या. संक्रांत आली की हळदीकुंकवाला आत्याला बोलावणं. पुढच्या दारानं नाही, सवाष्णींच्या रांगेत नाही, पण बोलावणं. आणि वाण मिळायचं. खण, नारळ, एकदा स्टीलचा डबा. ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी कापसाच्या एका बड्या व्यापाऱ्याच्या बायकोनं वाण म्हणून पांढरे कॅनव्हासचे बूट दिले. त्या बाईंच्या मुलीचा बॅकहँड आत्यानं घडवला होता, आणि आत्या तोवर अनवाणी खेळत होती. बूट घालून ती दारात आली तेव्हा आजीनं तिला तिथेच थांबवलं. चामडं तर नाही ना, वाकून बघितलं. कापडाचे आहेत म्हटल्यावर आत जाऊन करंडा आणला आणि त्या बुटांना कुंकू लावलं. फायनलच्या दिवशी उजव्या बुटाच्या टोकावर ते कुंकू होतं. फिकं गुलाबी. मी ते बघत होते, कारण मोठ्यांपुढे आठ वर्षांच्या पोरीची नजर खालीच असते.

फायनल कोणाशी? त्याच व्यापाऱ्याच्या मुलीशी. विदर्भभरातून मुली आल्या होत्या, एकेक गळत गेली आणि या दोघी उरल्या. कोण जिंकणार हे माळ्यालाही माहीत होतं. त्या मुलीलाही माहीत होतं. आदल्या दिवशी तीच आत्याला म्हणाली होती, "ताई, उद्या जरा सावकाश हं. पप्पा बघायला येणारेत."

तर साडेतीन वाजता आबांना व्हरांड्यात बोलावलं. खुर्च्यांवर कमिटीचे लोक. तो व्यापारी कमिटीवर होता, पण सभ्यपणानं बाजूच्या खांबाला टेकून उभा होता. प्रश्न सेक्रेटरीनं विचारला.

"बाबा, तुमची मुलगी इथे आमच्या घरच्या बायकांना शिकवते?"

"शिकवते ना साहेब."

"त्याबद्दल काही घेते का?"

आबा बोलायच्या आधीच एक म्हातारा मेंबर मधे पडला. भला माणूस होता, हे मी आज सांगू शकते. त्याला पोरीला वाचवायचं होतं. तो हसून म्हणाला, "छे हो, काय घेणार! फुकटच शिकवत असेल बिचारी, हौसेनं. तसंच ना बाबा? तसं सांगून टाका, म्हणजे झालं."

फुकट. त्या माणसानं दोर टाकला होता आणि आबांना तो गळ्यात पडलेला फास वाटला. भर व्हरांड्यात, पांढऱ्या कपड्यातल्या लोकांसमोर, आपल्या लेकीला कोणी वेठीची म्हणतंय. माझ्या मुठीतलं धोतर ताणलं गेलं. आबा ताठ झाले होते.

"फुकट कायले शिकवन साहेब? माही पोरगी वेठीले नाही येत. बरोबर घेते. खण घेतला, डबा घेतला. हे पाहा, पायातले बूट पाहा. कमाईचे हायेत, भीक नाही."

खांबाजवळून आवाज आला, "ऐकलंत ना सगळ्यांनी?"

सेक्रेटरीनं नियम सांगितला. स्पर्धा हौशी खेळाडूंची आहे. मोबदला घेऊन शिकवणारी व्यक्ती व्यावसायिक ठरते, तिला भाग घेता येत नाही. शुद्ध मराठीत, न अडखळता सांगितला, म्हणजे आधीपासून तयार होता. आबांना त्यातलं अर्धं कळलं. त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. ते हसू माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. ते मला वाकून म्हणाले, "पाहा वं, आत्याले मोठी कामाची म्हणून राहिले."

मग सगळे आत्याकडे बघायला लागले. आत्या मॅट्रिक होती, तिला सगळं कळलं होतं. बूट कोणी दिले, कोणत्या दिवशी दिले, एवढं सांगितलं असतं तरी पुरे होतं. साहेब, ते संक्रांतीचं वाण होतं. बस. देणारीची मुलगी हातात रॅकेट घेऊन तिथेच उभी होती. पण तेवढं बोलली असती, तर बाप खोटा पडला असता, आणि बापाच्या हिशेबानं लेक वेठीची ठरली असती, त्या सगळ्यांच्या तोंडावर. आत्यानं आबांचं ते हसू बघितलं.

"बाबा म्हणतात ते बरोबर आहे," ती म्हणाली. घरच्या बोलीत नाही. क्लबच्या बोलीत.

व्यापाऱ्याची मुलगी बुटांकडे बघत होती. तोंड उघडलं नाही तिनं. चार वाजता तिला कप दिला, टाळ्या वाजल्या. लोक कंटाळू नयेत म्हणून दोन मेंबर कोर्टावर उतरले.

आत्यानं पायरीवर बसून नाड्या सोडल्या. बूट व्हरांड्याच्या कडेला जोडून ठेवले, आपल्या घरी चपला ठेवतो तसे. "चला बाबा," म्हणाली. वाटेत आबांनी संत्री घेतली. मला सोलून देता देता विचारलं, "मॅच मग उद्या हाये का?"

"नाही बाबा. झाली."

आबांना खरं काय ते काही दिवसांनी कळलं. वकीलीणबाई स्वतः गल्लीत आली, पिशवीत ते बूट घेऊन. मागाशेजारी उभी राहून तिनं समजावलं. आबांनी ऐकून घेतलं, धोटा हातात तसाच. बाई गेल्यावर त्यांनी आत्याला विचारलं, "म्या खोटं बोललो का वं?"

"नाही बाबा."

हा प्रश्न त्यांनी नंतर कितीदा विचारला असेल. जेवताना, सूत भिजवताना, काही संबंध नसताना. उत्तर दरवेळी तेच. बूट आजीनं फळीवर ठेवून दिले, समईच्या वर. आत्यानं ते परत घातले नाहीत.

पुढचा दसरा जवळ आला तेव्हा आबा बोलावणं यायच्या आधीच क्लबात गेले. मला घेऊन गेले. सेक्रेटरीच्या टेबलासमोर हात जोडून म्हणाले, "जाळं फुकट सांधून देतो साहेब. जलमभर. पोरीले खेळू द्या."

तो माणूस. ज्यानं सुपारीच्या खांडाशिवाय कुणाचं सूत जोडून घेतलं नाही. मी तेव्हा रडले नाही, पण आज मोर्च्यात कोणी "फुकट" हा शब्द उच्चारला की मला ते जोडलेले हात दिसतात आणि माझा आवाज चढतो. सोबतच्या बाया म्हणतात, जरा दमानं. दमानं कसं?

नियम बदलला नाही. जाळं मात्र सांधून घेतलं.

आणि मग क्लबनं उपकार केले. मुलगी व्यावसायिक आहेच, तर मार्कर म्हणून ठेवून घेऊ, म्हणाले. मार्कर म्हणजे क्लबचा पगारी खेळाडू. मेंबराला जोडीदार मिळाला नाही की समोर उभा राहणारा. आत्या बायकांची मार्कर झाली. फाटक मागचं. पाण्याचा माठ वेगळा, माळ्याच्या खोपटाजवळ. बायकांनी आता वाण देणंही बंद केलं, कारण पगार मिळतोच की. सगळ्यात जुना मार्कर हिंदी बोलणारा होता, त्यानं पहिल्याच दिवशी तिला धंद्याचं मर्म सांगितलं. "बेटी, मेंबर को पसीना आना चाहिए, गुस्सा नहीं."

म्हणजे हरायचं. पण सहज कळेल असं नाही. बॉल तिथे टाकायचा जिथून मेंबरला तो परत मारता येईल, आणि मारल्यावर वाटेल की आपणच भारी. थोडं धावायला लावायचं, मग सोडून द्यायचं. आत्यानं हे दहा वर्षांच्या वर केलं. शहरात टेनिस खेळणाऱ्या बायकांत एकच व्यावसायिक होती, आणि त्या सगळ्या वर्षांत तिनं एकही सामना जिंकला नाही. जिंकायची परवानगीच नव्हती. ज्यांना शिकवलं त्या मुली बक्षिसं घेऊन, लग्नं करून, प्रताप नगरात आणि कुठे कुठे बंगले बांधून राहायला गेल्या. मग आत्याचं कोपर धरलं. तिच्या जागी एक जवान पोरगा घेतला. मधल्या काळात आबा गेले. त्यांच्या मागावर आता पत्र्याची पेटी आणि अंथरुणं असतात.

मी कॉलेजात गेले, तिथून मोर्च्यांत. पत्रक कसं लिहायचं ते शिकले तशी पहिल्यांदा घरचीच गोष्ट आठवली. क्लबच्या नावानिशी लिहून काढलं. छापायला टाकण्याआधी आत्याला दाखवलं. ती चुलीपुढं होती, उभ्यानंच वाचलं.

"लिहिलं बरोबर," म्हणाली. "पण छापू नको."

"काहून?"

"वाचणारा काय म्हणन सांग. बुढ्यानं पोरीचं वाटोळं केलं म्हणन. नियम काढला त्याचं नाव कोणाच्या तोंडी येत नाही वं. अडाण्याचं येते."

मी भांडले. पण तिचं खरं होतं. क्लबात तो किस्सा अजून सांगतात, मी स्वतः ऐकला आहे. विणकरानं कसं छाती फुगवून पोरीला बाद करवलं. हसतात. खांबाला टेकलेला माणूस त्या किश्शात नसतोच. शेवटी ती म्हणाली, छापायचंच तर नावं गाळून छाप. म्हणून नावं नाहीत. आबांचं नाव जिथे येणार नाही, तिथे बाकीच्यांची आणून मी काय करू?

आता तो आवाज.

आमच्या गल्लीच्या टोकाला हातमाग सोसायटीची लांबलचक शेड आहे. वर पत्रे, खाली माती. सोसायटी बुडाली, माग विकले गेले, खड्डे बुजवले, दाराला कुलूप लागलं, मग कुलूपही गेलं. दोन-तीन वर्षांपासून गल्लीतली पोरं तिथे जात नाहीत. आत भूत आहे म्हणतात. मेलेला विणकर भर दुपारी माग चालवतो, ठोका ऐकू येतो. आमच्याकडे भूत रात्रीचं नसतं. मे महिन्यातल्या दुपारी बारा-एकला, जेव्हा कुत्रंही गटाराच्या ओलीत पडून असतं, तेव्हाच ते धरतं, असं लहानपणापासून सांगितलेलं.

या मे महिन्यात मी घरी होते. कूलरमधलं पाणी संपलं आणि तो बंद पडला, तेव्हा मला तो आवाज आला. ठप्प. मग थोडी शांतता. पुन्हा ठप्प. मागाचा ठोका मी जन्मापासून ऐकलाय. हा तो नव्हता. मागाला दम घ्यायला लागत नाही.

ऊन लागू नये म्हणून ओढणीच्या टोकाला कांदा बांधला, डोकं झाकलं आणि गेले.

आत अंधार होता. पत्र्याच्या भोकांतून उन्हाचे गोळे जमिनीवर पडलेले. त्यांच्यातून आत्या धावत होती. अनवाणी, पदर कमरेला खोचलेला, हातात वकीलीणबाईची ती जुनी रॅकेट. समोरच्या भिंतीवर जाळ्याच्या उंचीला गेरूनं आडवी रेघ ओढलेली होती. रेघेच्या वर, उजव्या कोपऱ्यात, पोपडे उडून ताटाएवढा काळा डाग पडला होता. प्रत्येक बॉल त्या डागावर. जोरात, दुष्टपणे, समोरच्याला पोचताच येऊ नये असा. मी तिला असं मारताना कधी बघितलं नव्हतं. कुणीच बघितलं नव्हतं. बॉल मारला की ती मध्यावर परत यायची, वाकून उभी राहायची, आणि ओठातल्या ओठात काही म्हणायची. मी जवळ गेले तेव्हा ऐकू आलं. फिफ्टीन. थर्टी. ती गुण मोजत होती. दोन्हीकडचे.

तिला दचकवू नये म्हणून मी हळूच विचारलं, "किती झाले?"

ती वळलीही नाही. "पहिला सेट माहा. दुसऱ्यात ते वर हाये."

ते म्हणजे कप घेतलेली ती मुलगी, हे मला विचारावं लागलं नाही. उन्हाळ्यात अंगावर काटा येतो तो असा.

दुसऱ्या दिवशी मी कोणाकडून तरी एक रॅकेट मागून आणली. मागाच्या दोन उरलेल्या खांबांना दोरी बांधली. म्हटलं, मी उभी राहते समोर. भिंतीशी काय खेळतेस. आत्या हसली, किती वर्षांनी. उभी राहिली.

बॉल माझ्या हातात आला. मी कसाही मारला, तो पुन्हा हातात आला. मला टेनिस येत नाही, कधी आलं नाही, तरी माझी रॅकेट जिथे होती तिथे बॉल येऊन टेकत होता, पाळलेल्या कबुतरासारखा. मी ओरडले, "मार ना आत्या! जोरात! हरव मले!"

"मारून तर राहिली ना वं."

"नाही मारत! कोपऱ्यात टाक, त्या डागावर मारतं तसा!"

तिनं प्रयत्न केला. मी बघितला तो प्रयत्न. खांदा वळला, हात मागे गेला, दात आवळले. आणि शेवटी मनगट ढिलं पडलं आणि बॉल पुन्हा माझ्या हातात. ती आपल्या हाताकडे बघत राहिली, दुसऱ्या कोणाचा असावा तशी.

आम्ही बुजवलेल्या खड्ड्याच्या कडेवर बसलो. ती कोपर चोळत होती. मी म्हटलं, "दहा वर्षं हरायला लावलं त्यांनी, त्यानं झालं हे."

"तसं नाही," ती म्हणाली. "समोर भिंत असली तर मारता येते. भिंतीनं काही दिलं नाही मले. माणूस आला का मनात येते, याचं काही घेतलं असन आपण. मग हात आपोआप देऊन टाकते."

"मी काय दिलं तुला?"

"कोपराचं तेल कोण आणून देते दर महिन्याले?"

पत्रकात यावर काय लिहायचं मला माहीत नाही. ज्यांनी तिला बूट देऊन बाद केलं त्यांना मी शिव्या देऊ शकते, आणि देते. पण तो नियम आमच्या घरचा होता. फुकट न घेण्याचा. त्याच्या जोरावर आबा ताठ उभे राहिले, आणि त्यालाच धरून त्या लोकांनी आत्याला ओढत बाहेर नेलं. आजही ती त्यातून सुटलेली नाही. रोज दुपारी त्या शेडमध्ये दुसरा सेट चालू असतो आणि संपत नाही. ती पुढे जाते, मग ती दुसरी बरोबरी करते. मी बाहेर, भिंतीच्या सावलीत बसून ऐकते. गल्लीतल्या पोरांना मी सांगितलं नाही की भूत नाही म्हणून. नाही कसं म्हणू?

फळीवरचे बूट मी या आठवड्यात खाली काढले. रबर वाळून तडकलंय. कुंकवाचा डाग राहिला आहे.

आता तुमच्याकडे येते. तुम्ही तिला कधी काही दिलेलं नाही. खण नाही, डबा नाही, पगार नाही, न्याय तर नाहीच. हीच तुमची लायकी, आणि मला अशाच माणसाची गरज आहे. ज्या बाईला टेनिस चांगलं येतं, अंगात दम आहे, हरायची लाज वाटत नाही, तिनं यावं. गांधीबागेच्या मागे मागांची गल्ली कुठली ते कुणीही सांगेल. टोकाची पत्र्याची शेड, दुपारी बारानंतर. आवाजाच्या रोखानं या. कप घेतलेली ती बाई हे वाचत असेल तर तिनंही यावं. तिनं आधी आपले बूट परत घ्यावेत, ते मी दारात ठेवले आहेत. मग आत जावं.

येताना रॅकेट आणा. दुसरं काही आणू नका. नारळ नको, फुलं नकोत, सत्काराची शाल तर मुळीच नको. तिची विचारपूस करू नका, कौतुक करू नका, पाण्याचा पेलासुद्धा हातात देऊ नका. समोर उभ्या राहा आणि जीव तोडून खेळा. तिचा हात तुम्हाला बॉल देऊन टाकेल, पहिल्या दिवशी देईल, दुसऱ्या दिवशीही देईल. तो परत मारा आणि पुन्हा या. ज्या दिवशी बॉल तुमच्या हाताला लागणार नाही, त्या कोपऱ्यात जाऊन आदळेल, त्या दिवशी टाळ्यासुद्धा वाजवू नका. गुण मोठ्यानं सांगा, हरा, आणि रिकाम्या हातानं घरी जा.